सलीमा बागवान यांची व्यावसायिक पार्श्वभूमी

शनिवार पेठ, पुणे
३ जुलै २०२४

चि. आमोद,
अनेक आशीर्वाद.

तुमच्या पुस्तिकेतल्या सलीमाच्या पानामुळे हे पत्र लिहावं लागत आहे. फोन केला असता, पण फोनवर तू "हो मावशी, बघतो" म्हणतोस आणि मग बघत नाहीस. कागद टेबलावर पडून राहतो, त्याचा त्रास होतो. तो व्हावा.

संस्थेला पंचवीस वर्षं झाली म्हणून तुम्ही 'आपली माणसं' ही पुस्तिका काढलीत. एचआयव्हीच्या संशोधनात किती वेगवेगळ्या क्षेत्रांतली माणसं एकत्र येतात, हे लोकांना दाखवायचं. कल्पना चांगली. प्रत्येकाचा फोटो, नाव आणि खाली 'व्यावसायिक पार्श्वभूमी'. डॉ. श्याम केसकर मूळचे पशुवैद्य, आधी कोंबड्यांच्या रोगांवर काम केलेले. प्रयोगशाळा सांभाळणारा चेतन रसायनशास्त्राचा एम.एस्सी., आधी पुण्याजवळच्या मांजरी गावात उसाच्या संशोधनात होता. अनुदान देणाऱ्या टोरांटोच्या संस्थेतल्या बाई अर्थशास्त्रज्ञ. ऋचा समाजकार्यातली पीएच.डी. तू संख्याशास्त्रज्ञ आणि प्रकल्पप्रमुख. मीही आहे: एम.एस.डब्ल्यू., निवृत्त समुपदेशन प्रमुख, लोकसल्लागार समितीची अध्यक्ष. फोटो वाईट आहे, ते असो.

आणि मग सलीमा बागवान. 'व्यावसायिक पार्श्वभूमी: २००१ पासून एचआयव्हीसह जगण्याचा अनुभव.'

एवढंच. रिपोर्ट हातात घेऊन जिना उतरणाऱ्या बायकांना वीस वर्षं तिने थांबवून बसवलं, परत आणलं, गोळ्या चालू ठेवायला लावल्या. त्यातलं एक अक्षर नाही. बाकी सगळे काय शिकले ते छापलंत आणि तिच्या शरीरात काय आहे ते. मला कित्येक वर्षांचा संधिवात आहे, तो माझ्या नावाखाली का नाही? तुझ्या मूळव्याधीच्या ऑपरेशनला दवाखान्यात रात्रभर मी बसले होते. तो अनुभव तुझ्या पानावर कुठे दिसला नाही.

ते पान वेबसाइटवरून आजच काढ. छापील प्रती परत मागव. सलीमाला समोर बसवून माफी माग.

मावशी

---

पुणे
१० जुलै २०२४

ती. पद्मामावशीस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोस्टाने आलं तेव्हा रिसेप्शनवर तिघं जण तिकीट बघायला जमले होते. मीही कागदावरच उत्तर देतो आहे, नाहीतर तू मेल उघडणार नाहीस.

राग समजू शकतो, पण तू पान उलटं वाचलंस. ते तिला कमी लेखण्यासाठी नाही. आता जगभर असंच मानतात की ज्यांना हा आजार आहे तेच त्यातले खरे तज्ज्ञ. श्यामसरांची पदवी आणि सलीमाभाभींचं जगणं आम्ही एका ओळीत ठेवलं. पूर्वी तिला 'सहभागी' म्हणायचे, चहा सांगायचे. आता टोरांटोची माणसं तिच्याशी हात मिळवून बोलतात. तिची संमती घेतली आहे, सही आहे. संमतीपत्राचा मजकूर इंग्रजीत होता हे मान्य, पण ऋचाने थोडक्यात समजावला होता.

आणखी एक, रागावू नकोस. तुझ्या पिढीने लोकांना वाचवलं ते लपवून. तेव्हा ते बरोबरच होतं. पण सगळं लपवतच राहिलो तर लाज कधीच जाणार नाही. सलीमाभाभींना आहे हे संस्थेत कोणाला माहीत नाही? पहिल्या दिवसापासून सगळ्यांना माहीत आहे. कोणी कधी त्यावरून तिला बोललं? मग छापलं म्हणून काय बिघडलं?

वेबसाइटचं काम बाहेरच्या माणसाकडे आहे, महिन्याअखेरीस बदल होतात. तेव्हा भाषा थोडी सौम्य करू. तिच्या कामाबद्दलही दोन वाक्यं घालू, ते राहिलंच. तू म्हणालीस ते बरोबर.

तुझा,
आमोद

ता. क. मूळव्याधीचा उल्लेख असलेलं पत्र ऑफिसच्या पत्त्यावर नको पाठवूस.

---

शनिवार पेठ
१३ जुलै २०२४

चि. आमोद,

तुझ्या पत्रातल्या एका वाक्याखाली मी रेघ मारली आहे: 'पहिल्या दिवसापासून सगळ्यांना माहीत आहे.'

कोणी सांगितलं? सलीमाने तुला स्वतः सांगितलं? तिचा रिपोर्ट तू पाहिलास? ऋचाने पाहिला? तू संख्याशास्त्रज्ञ आहेस. तपासल्याशिवाय एकही आकडा कागदावर जाऊ देत नाहीस, अशी तुझी ख्याती आहे. हा कुठून आला?

मी पाहिला आहे की नाही, हे मी सांगणार नाही. आणि त्यात काय होतं, ते तर मेले तरी नाही. आमच्या खोलीत नियम एकच होता. कोणाचाही रिपोर्ट, काहीही असो, आपल्या तोंडातून बाहेर पडायचा नाही. 'काहीही असो' हे शब्द नीट वाच. 'नाही' असं सांगायचीही मुभा नव्हती. कारण एकीचं 'नाही' सांगितलं की दुसरीच्या गप्प राहण्याचा अर्थ लोक आपोआप लावतात.

नोकरीवर घेताना हा प्रश्न विचारायला कायद्याने बंदी आहे, म्हणून तुम्ही तो विचारला नाहीत. छापायला मात्र बंदी आहे असं कोणाला वाटलं नाही.

काय बिघडलं म्हणून विचारतोस. सलीमाची मुलगी मिसबा कात्रजला दिली आहे. तिला गेल्या महिन्यात मुलगा झाला. संस्थेने ते पान फेसबुकवर टाकलं, मिसबाच्या दिराने ते पाहिलं. त्या दिवसापासून सलीमाला नातवाला हात लावू देत नाहीत. तुझी सौम्य भाषा महिन्याअखेरीस येईल, तोवर पोर बसायला लागेल.

ज्या कायद्याबद्दल वर लिहिलं, त्यात दंडाचीही कलमं आहेत. मी ती पुन्हा वाचून काढली. सोमवारपर्यंत पान निघालं नाही, तर पुढचं पत्र तुझ्या नावाने नसेल.

मावशी

---

मंगळवार पेठ, पुणे
२९ जुलै २०२४

आदरणीय बाई,
आदाब.

पान काढलं. ऋचाताईंचा फोन आला होता. आमोदसरांनी बोलावून चहा दिला, म्हणाले, "भाभी, तुमच्या भावना दुखावल्या असतील तर सॉरी." मी म्हटलं, "दुखावल्या नाहीत सर, पण आता काय करायचं?" ते म्हणाले, "आता काढलंय ना." मग त्यांना मीटिंग होती.

पण मिसबाचा दीर कासिम, त्याच्या मोबाइलमध्ये त्या पानाचा फोटो आहे. तो वेबसाइटवर नसला म्हणून मोबाइलमधून जात नाही.

रविवारी कात्रजला गेले. मेथीचे लाडू नेले होते. मिसबाचे सासरे दादामियाँ दारातच खुर्ची टाकून बसले होते. तुम्ही त्यांना लग्नात पाहिलं आहे, फर्निचर पॉलिशवाले. माणूस वाईट नाही. म्हणाले, "या, बसा सलीमाबी. चहा घ्या. बच्चे को अभी सोने दो."

मूल जागं होतं, बाई. आवाज येत होता.

चहा आला तो कागदाच्या कपात. बाकी सगळ्यांना काचेचे पेले. मी म्हटलं, "दादाभाई, असं कपाने, हाताने होत नाही. मी वीस वर्षं लोकांना हेच सांगते." ते म्हणाले, "लोकांना सांगता हो. आम्हाला कधी सांगितलं? मुलगी देताना सांगितलं? मिसबाचे अब्बा अझीममियाँ टीबीने गेले म्हणालात." मी म्हटलं, "टीबीनेच गेला." खोटं नाही ते. शेवटी टीबीच झाला होता. ते म्हणाले, "मिसबाचा रिपोर्ट काढला, साफ आला. आता तुमचा आणा. साफ असेल तर हे घर तुमचं, बच्चा तुमचा."

मिसबा आतल्या दारात पोर घेऊन उभी होती. तिथूनच म्हणाली, "अम्मी, दाखव ना कागद. एवढंच तर आहे. दाखव आणि संपव."

तिला माहीत आहे. तुम्हाला तर माहीतच आहे. तुम्हीच तो कागद माझ्या हातात दिला होता, अझीम बाहेर बाकावर बसला होता. त्याला होतं, मला नव्हतं. नंतर दर वेळी तपासलं, नाहीच. अल्लाने का सोडलं, ते मला कधी कळलं नाही.

बाई, मी कोणालाही 'मला आहे' म्हटलेलं नाही. नवीन बाई बाहेर येते. माझ्याकडे बघते, विचारते, "भाभी, तुम्हालापण?" मी म्हणते, "माझ्या घरात होतं. बस, पाणी पी." पुढचं ती समजून घेते. मी समजू दिलं. सुरुवातीला एकदोघींना खरं सांगितलं होतं. त्या म्हणाल्या, "मग तुम्हाला काय कळणार," आणि उठून गेल्या. त्यातली एक परत आलीच नाही. तेव्हापासून नाही सांगितलं.

अजून एक गोष्ट, ती लिहायला नको वाटते. मांजरीची एक बाई आहे, नाव लिहीत नाही. तिने ते पान पाहिलं होतं. मला येऊन मिठी मारली. म्हणाली, "भाभी, तुमी नाव लावून छापून दिलं, मग म्या कशाला भिऊ? काल पोराला सांगून टाकलं. पोरगं रडलं, पन मला धरून रडलं." बाई, आमोदसर म्हणतात ते पण सगळं चूक नाही. माझ्या नावावर ती उभी राहिली. मी आता कागद दाखवला आणि तिला कळलं, तर ती कशावर उभी राहणार?

मिसबा रोज फोन करते. तुम्ही सांगा, दाखवू का?

तुमची,
सलीमा

---

शनिवार पेठ
१ ऑगस्ट २०२४

सलीमा,

दाखव.

विचारलंस म्हणून सांगते, नाहीतर हा निर्णय तुझा होता. वीस वर्षं तू परक्या बायकांना त्यांच्या पोरांपाशी नेऊन बसवलंस. स्वतःच्या नातवाला दारातून बघून परत यायचं, एवढं पुण्य कोणी मागितलेलं नाही.

बाहेरच्या लॅबमध्ये नवीन तपासणी कर, आपल्याकडे नको. कागद दादामियाँच्या हातात दे, वाचू दे आणि परत घे. कोणालाही फोटो काढू देऊ नकोस. कासिमला तर नाहीच. त्यांना सांग, हा कागद या खोलीबाहेर जायचा नाही. मोठ्या माणसाने शब्द दिला तर तो पाळेल असं धरून चालू.

मांजरीच्या बाईला तू स्वतः सांग, आणि तिला बाहेरून कळायच्या आत सांग. ते सोपं जाणार नाही. मी सोबत येईन. गुडघा बरा असेल त्या दिवशी कळवते.

रडत बसू नकोस. जेवत जा.

प. रिसबूड

---

पुणे
३० ऑगस्ट २०२४

ती. मावशी,

हे पत्र मी फार विचार करून लिहितो आहे.

मंगळवारी क्लिनिकमध्ये जे झालं ते तुझ्या कानावर आलं असेल. सलीमाभाभींच्या व्याह्यांनी तिचा रिपोर्ट घरच्या ग्रुपवर टाकला. सुनेच्या माहेरावरचा डाग धुवायचा होता म्हणे, हेतू चांगलाच होता. तिथून तो कुठे कुठे गेला देव जाणे. मांजरीची एक पेशंट तो मोबाइलवर घेऊन आली आणि भरल्या वेटिंग रूममध्ये सलीमाभाभींवर ओरडली, "तुमाला नव्हतंच! तुमी आमच्यात बसून आमची गंमत बघत व्हता!" त्या बाईने गोळ्यांची पिशवी काउंटरवर फेकली आणि निघून गेली. ऋचा मागे धावली, पण ती रिक्षात बसली होती.

मावशी, तुला माहीत होतं. तुझं जुलैचं पत्र मी पुन्हा वाचलं. तू तेव्हाच सांगितलं असतंस तर हे घडलं नसतं.

आता प्रश्न फक्त एका पानाचा नाही. नव्या अनुदानाच्या अर्जात आम्ही लिहिलं आहे की आमच्या कर्मचाऱ्यांमध्ये एचआयव्हीसह जगणारी व्यक्ती वीस वर्षं काम करते आहे. निवड झाली त्यात या मुद्द्याचं वजन मोठं होतं. टोरांटोकडून विचारणा आली आहे: हे विधान खोटं होतं का, आणि कोणाला माहीत होतं? अनुदान गेलं तर चाळीस माणसांच्या नोकऱ्या जातील आणि क्लिनिक बंद पडेल. बायकांचंच नुकसान होईल.

म्हणून चौकशी समिती नेमावी लागली. सलीमाभाभी तोवर कामावर येणार नाहीत. मला तुझ्याकडून दोन वाक्यं हवी आहेत, सहीसह: सलीमा बागवान यांनी आपण एचआयव्हीबाधित असल्याचा समज करून दिला, आणि समुपदेशन प्रमुख या नात्याने तुलाही याची कल्पना नव्हती. तू लिहिलंस तर तिथेच थांबेल. तुझं नाव स्वच्छ राहील, संस्था वाचेल. सलीमाभाभींना सन्मानाने निवृत्त करू, शाल-श्रीफळ सगळं. नाहीतरी तिला आता इथे काम करणं अवघडच आहे.

मी पुतळा नाही, मावशी. मलाही झोप नाही.

आमोद

---

शनिवार पेठ
३ सप्टेंबर २०२४

चि. आमोद,

दोन वाक्यं मागितलीस. मी देते, पण माझी.

सलीमाने कोणताही समज करून दिला नाही, तुम्ही करून घेतलात. मला पूर्ण कल्पना होती, आणि ती मी कोणाला सांगितली नाही, कारण त्यासाठीच मला पगार मिळत होता.

आता सलीमाचा कागद सगळीकडे गेलाच आहे आणि तिची परवानगीही आहे, म्हणून मोकळेपणाने लिहिते. जोडप्यांच्या अभ्यासात ती आणि अझीम आले होते. नवऱ्याला होतं, हिला नव्हतं. तो गेल्यावर मी तिला काम दिलं. मला पॉझिटिव्ह माणूस नको होतं, बसून ऐकून घेणारं माणूस हवं होतं. अर्जावर तिने शिक्षण दहावी आणि अनुभव 'नवऱ्याची सेवा' असं लिहिलं होतं. पार्श्वभूमी म्हणून तेवढं मला पुरलं.

त्यानंतर संस्थेत किती शहाणी माणसं आली. कोंबड्यांकडून आली, उसाकडून आली, कॅनडातून आली. दहावी झालेली, बुरखा न घालणारी, नीट मराठी बोलणारी एक विधवा बाई एचआयव्हीच्या दवाखान्यात बसलेली पाहिली आणि प्रत्येकाने मनात एकच ओळ लिहिली. डिग्री नाही, म्हणजे आजार असणार. नाहीतर ही इथे कशाला? आमोद, तुमचं हे संशोधन नव्हे. वस्तीतली माणसंही असंच करतात, त्याला आपण प्रशिक्षणात 'कलंक' म्हणतो.

एचआयव्ही आहे म्हणून कामावरून काढलेली माणसं मी शेकड्यांनी पाहिली. त्यांच्या मालकांना मी जाऊन भेटायची. नाही म्हणून काढलेलं माणूस हे पहिलंच. तिच्या मालकाला भेटायला मला लांब जावं लागणार नाही.

जुलैत सांगितलं असतंस तर, असं म्हणतोस. जुलैत मी तुला सांगितलं होतं: काढ. कारणाशिवाय काढायला तुला जमलं नाही. कारण हवं होतं, म्हणजे तिचा रिपोर्टच हवा होता.

चाळीस माणसांचं ओझं तू माझ्या दाराशी आणून ठेवलंस. अर्जात ते वाक्य कोणी घातलं? टोरांटोला लिही: 'आम्ही विचारलं नाही, गृहीत धरलं. चूक आमची.' अनुदान राहील किंवा जाईल. पण हे वाक्य तू लिहिणार नाहीस, हे मला माहीत आहे. तुझ्या आईलाही कळवू नकोस, तिला बीपी आहे.

मावशी

---

मंगळवार पेठ
१५ सप्टेंबर २०२४

आदरणीय बाई,
आदाब.

तुम्ही समितीसमोर आलात, मोठ्याने बोललात, ते मी बाहेर बाकावर बसून ऐकलं. मग मला आत बोलावलं. तिघं होते. डॉ. श्यामसर मान खाली घालून बसले होते. एकाने विचारलं, "तुम्ही पॉझिटिव्ह आहात असं तुम्ही भासवलं का?" मी म्हटलं, "तुम्ही मला कधी विचारलं का?" ते म्हणाले, "विचारायची परवानगी नसते." मी म्हटलं, "मग माझी पण सांगायची सक्ती नसेल." दुसरे हसले, मग एकदम गंभीर झाले.

काल पत्र आलं. माझं पद आता नाही. त्या जागी 'प्रत्यक्ष अनुभव असलेली व्यक्ती' घेणार आहेत. शाल देणार होते, मी नको म्हटलं. घरात आहे एक.

आता चांगलं सांगते. माझा नवासा, मिसबाचा मुलगा, मांडीवर घेतला. त्याचं डोकं अझीमसारखं मागून चपटं आहे. त्याने लगेच माझ्या ओढणीवर दूध काढलं. दादामियाँ फार खजील झाले आहेत, शब्द देऊनही मी कागद परत घ्यायच्या आत त्यांनी फोटो काढला होता. म्हणाले, "सलीमाबी, मी तर तुमची इज्जत वाचवायला टाकलं ग्रुपवर." मी म्हटलं, "वाचली, दादाभाई." काचेच्या पेल्यात चहा दिला. "आता रोज या," म्हणाले. रोज जाते. रिकामीच आहे.

परवा मंडईत मांजरीची ती बाई दिसली. तुम्हीच शिकवलं होतं, रस्त्यात पेशंट भेटला तर आपण ओळख दाखवायची नाही, त्याने दाखवली तरच. वीस वर्षं मी तशीच उभी राहायची, समोरची बाई हसायची, मग मी. परवा मी उभी राहिले. तिने कोथिंबीर घेतली, पैसे दिले आणि माझ्या अंगावरून गेली. आपण दोघी तिच्याकडे जाणार होतो, त्या आधीच तिला कळलं, तुमचा गुडघा दुखत होता. त्याचं मनात ठेवू नका.

बाई, ती गोळ्या घेत नसणार. फेकून गेली ती गेलीच. मला कोणी विचारत नाही आणि मी आता कोण म्हणून जाऊ? माझ्याकडे ऑफिसच्या काही वस्तू आहेत. मला तो जिना पुन्हा चढायचा नाही. तुम्ही पोचवाल का? आणि तिचं काहीतरी करा. माझं झालं ते झालं.

सलीमा

---

शनिवार पेठ
२० सप्टेंबर २०२४

डॉ. आमोद खांबेटे यांस,

लोकसल्लागार समितीच्या अध्यक्षपदाचा माझा राजीनामा सोबत आहे. माझंही पान पुस्तिकेतून काढावं. गणपतीत तू घरी आला नाहीस. बरं केलंस.

श्रीमती सलीमा बागवान यांच्याकडील वस्तू मी आज सकाळी स्वतः येऊन ऋचाकडे दिल्या. त्यावरून पुढे चौकशी नको, म्हणून नोंद करून ठेवते.

ओळखपत्र, दोरीसह. समुपदेशन खोलीबाहेरच्या लोखंडी कपाटाची किल्ली. दुसरी किल्ली कधीच नव्हती. संस्थेचा मोबाइल, चार्जरसह. त्यातले बायकांचे नंबर पुसलेले आहेत, कोणी पुसले हे विचारू नये. ज्यांना संस्था हवी आहे त्यांच्याकडे संस्थेचा नंबर आहे.

कपाट ऋचासमोर उघडलं. आत गोळ्यांच्या डब्या आहेत. हे तुला माहीत नसावं: घरात गोळ्या ठेवता येत नाहीत अशा बायका त्या सलीमाकडे ठेवत आणि कामावर जाता-येता घेऊन जात. सलीमाला घरी बसवण्याआधीच्या दोनतीन दिवसांत बहुतेक जणी येऊन आपापल्या डब्या घेऊन गेल्या, त्यांचे कप्पे रिकामे आहेत. त्या गोळ्या आता कुठे ठेवतात, हे कोणाला माहीत नाही.

एक डबी भरलेली आहे. तिला कोणी हात लावलेला नाही. ती कोणाची आणि त्या बाईला मांजरीत कुठे गाठायचं, हे सलीमाने मला सांगितलं आणि मी ऋचाला, दार लावून, तोंडी. सलीमाने पाठवलं असं तिथे म्हणायचं नाही, हेही सांगितलं आहे. ऋचाने डबी पर्समध्ये ठेवली आणि माझ्यासमोर रिक्षा बोलावली.

देणार: पद्मजा रिसबूड
घेणार: ऋचा (सही आहे)